गजर कोणी तोडायचा

आमच्या बँडची एकही कॅसेट नाही. फोटो आहे एक, तोही असा की बाव्याचं डोकं कापलं गेलंय आणि माझा एक डोळा मिटलाय. त्यामुळे आम्ही कसे वाजायचो हे कुणाला सांगायचं तर मलाच तोंडाने सांगावं लागतं, आणि सांगायला लागले की आमच्या घरातली माणसं पंखा पुसायला निघून जातात. मुलगा मात्र एकदा थांबला. सगळं ऐकून घेतलं, मग मोबाईलवर काहीतरी लावलं आणि माझ्या कानाशी धरलं. घोडे दौडावेत तसे ढोल, वर दोन गिटारी हातात हात घालून धावतायत, आणि त्यांच्याही वर एक माणूस टाळूला चिकटलेल्या सुरात तलवारी-बिलवारींचं काहीतरी गातोय. "आई, याला पॉवर मेटल म्हणतात," तो म्हणाला. म्हटलं, म्हणत असतील बाबा. आम्ही त्याला 'मेल्विनकडचं' म्हणायचो.

मेल्विनचं घर कांजूरच्या गावठाणात, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत. मी राहायची भांडुपला, डोंगराच्या चढावर, दोन खोल्यांत. अकरावी-बारावीला मुलुंडच्या कॉलेजला जायची आणि आठवड्यातून तीनदा मेल्विनच्या धाकट्या बहिणीला मराठी शिकवायला कांजूरला उतरायची. ती इंग्रजी शाळेतली, दहावीला होती, आणि मराठी त्यांची घरचीच भाषा असूनही पुस्तकातलं मराठी म्हणजे तिला चटका लागल्यासारखं. "सुमन टीचर, आम्ही असं बोलतच नाय तर लिहू कशाला?" हा तिचा रोजचा सवाल. तिची आई, रोझीमावशी, ओटीवर बसून मिरच्यांची देठं मोडत असायची. उन्हाळ्यात त्यांचा वर्षाचा मसाला व्हायचा, वीस-पंचवीस जिन्नस भाजून कुटलेला, बाटल्यांत ठासून भरलेला. त्या दिवसांत पूर्वेच्या मिठागरांवरून वारा आला की गावठाणभर शिंका. मला ती गेल्या गेल्या फुगे खायला द्यायची. नारळाच्या दुधातले, तळलेले, गोल, आत पोकळ. दोन खाल्ले की म्हणायची, "अजून घे गो पोरी, तुमचे भांडुपला पानी वर चढवता चढवताच सगली ताकद जाते." ते खरंच होतं. आमच्याकडे नळ खाली आणि आम्ही वर.

घराच्या मागे एक पडवी होती, पूर्वी भात साठवायची. आता शेतीच उरली नव्हती, म्हणून मेल्विनने तिथे भिंतींना गोणपाट ठोकून बँडची खोली केली होती. त्याचा मामा बोटीवर होता. तो युरोपातल्या बंदरांतून कॅसेटी आणायचा, त्यातल्या एका कॅसेटने हे पोरगं पार बिघडलं असं रोझीमावशी सांगायची. मेल्विन गिटार वाजवायचा, त्याचा चुलतभाऊ रॉनी दुसरी गिटार, मुलुंडचा एक शिरोडकर बेस, आणि ढोलांवर बावतीस. त्याला सगळे बाव्या म्हणायचे. बाव्या भांडुप स्टेशनजवळ खिडक्यांच्या ग्रिल बनवायच्या कारखान्यात वेल्डर होता. या संगीतात मोठा ढोल दोन्ही पायांनी हाणायचा असतो, धडधडधडधड, क्षणाची उसंत नाही. तशी दोन पायांची पेडल दुकानात बघायलासुद्धा मिळत नव्हती. बाव्याने ग्रिलच्या उरलेल्या पट्ट्या, सायकलची चेन आणि शिलाई मशीनचा पायटा जोडून ती स्वतः बनवली. वाजायची छान, फक्त दर दहा मिनिटांनी तिला तेल पाजावं लागायचं.

आमची गाणी कशी होती सांगते. सुरुवात हळू. रॉनी चर्चमधल्या ऑर्गनसारखे सूर गिटारवर धरून ठेवायचा, वाटावं आता कुणीतरी प्रार्थना म्हणणार. मग बाव्या काठ्यांनी चार टोले मोजायचा आणि अंगावर घोडदळ सुटायचं. दोन्ही गिटारी एकच चाल वाजवायच्या, पण एक खालच्या सुरावर, दुसरी दोन पायऱ्या वर, जुळ्या बहिणी जिना उतराव्यात तशा. गाण्यात गोष्ट हवी, आणि ती मोठीच हवी. प्रेमबिम नाही. राजे, बुडालेली गलबतं, राक्षस, आणि शेवटी उजेड. तेव्हाचे दुसरे बँड काळे कपडे घालून मरणाबद्दल ओरडायचे, आमच्यात मात्र शेवटी कुणीतरी जिंकायचंच. आणि प्रत्येक कडव्यानंतर एक धृपद, असं की गच्चीवरच्या माणसालाही हात वर करून म्हणता यावं. ते धृपद फार वरच्या पट्टीत. तिथेच सगळं अडलं होतं, कारण त्यांचा गायक आखातात नोकरीला निघून गेला होता आणि उरलेल्यांपैकी कुणाचाच आवाज तिथवर पोचत नव्हता.

मी आतल्या खोलीत मेल्विनच्या बहिणीला शुद्धलेखन घालत बसले होते. पडवीत मेल्विन तेच धृपद पुन्हा पुन्हा गात होता आणि दर वेळी त्याच पायरीवर घसरत होता. सहा वेळा ऐकलं, सात वेळा ऐकलं. आठव्या वेळी मला राहवलं नाही. वहीवरून मान वर न करता ती ओळ मी पूर्ण केली, वरचा सूर घेतला आणि सोडला, आणि शुद्धलेखनाचा पुढचा शब्द सांगितला, "दुर्दैव. दु ऱ्हस्व." पडवीतलं वाजणं बंद झालं. मेल्विन गिटार गळ्यात तशीच ठेवून दारात आला.

"कोण होतं ते?"

त्याच्या बहिणीने पेन्सिलीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"टीचर, परत एकदा करा ना प्लीज," तो म्हणाला, आणि मागून बाव्या ओरडला, "अरे टीचर काय, देवीच आहे यार ती!"

आता हा आवाज माझ्याकडे आला कुठून, तर आप्पांकडून. माझे वडील भजनी बुवा. गिरणी सुटल्यावर एका कंपनीत पहारेकरी होते, पण ते पोटासाठी; माणूस म्हणून ते बुवाच. मालवणकडची माणसं जमून त्यांचं मंडळ झालं होतं आणि दर गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या बाहेरच्या खोलीत बसायचं. मध्ये आप्पा पेटी घेऊन, उजवीकडे पखवाजावर धोंडूकाका, मागे कोरस, झांजा. आई काळ्या वाटाण्याची उसळ शिजवायची, भाजलेल्या खोबऱ्याचा वास आणि पखवाजाला लावायच्या कणकेचा वास एकत्र यायचा. आप्पा पेटीवरच्या काळी पाच पट्टीत गायचे. एवढ्या वर पुरुष गातो आणि आवाज फाटत नाही, हे ऐकलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. मेल्विनची उंच पट्टी म्हणजे माझ्या दृष्टीने आमची घरची पट्टी होती, एवढंच.

आणि शेवटी गजर. अभंग झाला की दोनच ओळी धरायच्या. आधी संथ, मग चढत्या, मग अशा वेगात की खोलीतली भांडी मांडणीवर नाचायची. गजर किती वेळा म्हणायचा याला मोजमाप नाही. तो तोडायचा अधिकार एकट्या बुवांचा. आप्पा पेटीवरचा डावा हात उचलायचे, पंजा एवढासा वर, आणि वीस माणसं एका ठोक्यावर गप्प. मंडळातला दुसरा कुणी गात असला आणि आप्पा नुसते कोपऱ्यात बसलेले असले, तरी गजर तोडण्याआधी तो आप्पांकडे बघायचा. वडीलधारे बुवा समोर असताना आपल्या हाताने गजर तोडणं म्हणजे त्यांच्या ताटात हात घालणं, असं आमच्याकडे होतं.

हे सगळं मी शिकले स्वयंपाकघरातून. मंडळात बायका बसत नसत. आता बायकांची स्वतःची मंडळं आहेत, झकास गातात, डबलबारीला, दोन मंडळांच्या सामन्याला, उभ्या राहतात, मी ऐकायला जाते. तेव्हा नव्हतं ते. आठ वर्षांची असताना एकदा मी आतून कोरसबरोबर मोठ्याने उचलून धरलं होतं. आप्पांनी पेटी थांबवली नाही, पण मान वळवून आतल्या दाराकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. नको, एवढंच होतं. त्यानंतर आप्पांनी माझा गाण्याचा आवाज ऐकलेला नव्हता. मी कांजूरला गाते, हे आईला ठाऊक होतं, तिने उसळीत मीठ किती हे सांगावं तशा सुरात सांगितलं होतं, "आप्पांपर्यंत जाऊ देऊ नको." बँडमधल्या पोरांना मी ठोकून दिलं होतं की घरी सगळ्यांना माहीत आहे. नाहीतर मेल्विन भित्रा, त्याने मला घेतलंच नसतं.

दीड वर्ष गायले मी. इंग्रजी ओळी वहीत देवनागरीत लिहून पाठ करायची. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की रोझीमावशी पडवीचं दार वाजवायची, मग सगळे सैनिक-राक्षस जागच्या जागी थांबायचे, पोरं क्रूस करायची, मी हात जोडून उभी राहायची, आणि "आमेन" म्हणता म्हणता बाव्याच्या काठ्या परत सुरू. हळूहळू मी त्यांना आमचं वळण लावलं. धृपद चारदाच का म्हणायचं? चढवा की. बाव्याला मी गजर समजावला. तो दोन गुरुवार आमच्याकडे येऊन धोंडूकाकांच्या शेजारी बसलासुद्धा. "पखवाज शिकायला आलोय" एवढंच सांगितलं त्याने, माझं नशीब, आणि उसळ तीन वाट्या खाल्ली. तेव्हापासून आमची गाणी मोजून संपत नसत. मी डावा पंजा वर केला की संपत. "आमची बुवा," असं मेल्विन मला चिडवायचा. आरेच्या जंगलातल्या वाघाचं एक गाणं होतं आमचं, नऊ मिनिटांचं, कडवी मेल्विनने इंग्रजीत लिहिली, धृपद मी मराठीत केलं: "उठला वाघ, उठला डोंगर, उठलं सारं रान." त्यातला 'रा' मी इतका लांब धरायची की शेजारचा म्हातारा अंतोन दारात येऊन बघायचा, पोरीला काय झालं. बँडचं नावही तसंच, अर्धं त्यांचं, अर्धं माझं. त्यांना 'थंडर' हवं होतं, मला गड हवा होता. झालं 'थंडरगड'.

मग घाटकोपरच्या एका कॉलेजातली स्पर्धा आली. उपनगरातल्या बँडांसाठी, रविवारी दुपारी, उघड्या मैदानात. पहिल्या येणाऱ्या बँडला स्टुडिओत एक दिवस रेकॉर्डिंग. पोरांना काय काय वाटत होतं ते वाटत होतं. मला त्या रेकॉर्डिंगचं एकच सुचत होतं. आप्पांकडे टेपरेकॉर्डर होता. जेवण झालं की ते दुसऱ्या बुवांच्या कॅसेटी लावायचे आणि डोळे मिटून शेरे मारायचे. "हेचो खर्ज बरो." "हो नाकातसून गाता." मी ठरवलं होतं, आपली कॅसेट झाली की एक दिवस त्यांच्या गठ्ठ्यात सरकवून द्यायची. नाव सांगायचं नाही. ते लावतील, ऐकतील, आणि माझं नाव माहीत नसताना जे बोलतील ते मी आत उभी राहून ऐकेन. एवढंच हवं होतं मला. त्यासाठी मी महिनाभर थंड पाणी प्याले नाही आणि कैरी तोंडात घातली नाही.

बाव्याच्या कारखान्याच्या टेम्पोत ढोल टाकून आम्ही गेलो. माझ्याकडे काळा पंजाबी ड्रेस होता, तो घातला. बारा मिनिटांची वेळ. दहाव्या मिनिटाला स्टेजसमोर लाल झेंडा दाखवणार, बाराच्या पुढे गेलात तर बाद. मेल्विनने चार वेळा बजावलं, "सुमन, धृपद शेवटी तीनदा. मग हात वर. ऐकतेयस ना?" म्हटलं, ऐकतेय बाबा.

पहिलं गाणं छोटं होतं, सुरेख गेलं. मग वाघाचं, त्याची कडवी आम्ही दोनवर आणली होती. उन्हं उतरत होती, पोरं झाडांखाली पांगलेली, ती उठून पुढे आली. घोडदळ सुटलं. मी पहिलं कडवं म्हटलं, धृपद म्हटलं, दुसरं कडवं म्हटलं, आणि शेवटच्या धृपदाला सूर धरून समोर बघितलं, तर गर्दीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, पांढरी टोपी. आप्पा. शेजारी धोंडूकाका, त्यांच्या हातात पिशवी.

नंतर कळलं, बाव्याने बोलावलं होतं. घरी सगळ्यांना माहीत आहे ना, मग बुवांना आमंत्रण द्यायला नको? त्याने बिचाऱ्याने रीतसर पाया पडून सांगितलं होतं.

तीनदा म्हणून झालं. हात वर करायचा. माझा हात खांद्यापाशी येऊन थांबला. मी सांगते ते खरं सांगते, मी घाबरले नव्हते. मला फक्त ते जमेना. समोर आप्पा उभे, आणि त्यांच्यासमोर गजर मी तोडायचा? माझे डोळे त्यांच्या डाव्या हाताला चिकटले. तो हात खाली होता. मग मी चौथ्यांदा उचललं, वर चढवून. बाव्या माझ्या हाताकडे बघत होता, हात नाही म्हणजे चालू द्यायचं, त्याने वेग वाढवला. पाचदा. आठदा. मैदानातली पोरं वेडी झाली, तीही म्हणायला लागली, उठला वाघ, उठला डोंगर. झेंडा कधीच दाखवून झाला होता. मेल्विन माझ्या कानाशी येऊन ओरडला, "हात! सुमे, हात वर कर, वाट लागेल आपली!" मला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. बाराव्या वेळेला कुणीतरी मुख्य बटण बंद केलं. गिटारी एकदम मुक्या झाल्या, माझा माईक गेला. ढोलांना कुठे वीज लागते? बाव्या मारतच राहिला. मी माईकशिवाय गात राहिले, आप्पा गातात तशी, छाती उघडून, आणि मैदान माझ्यामागे कोरस झालं. मग आप्पांचा डावा हात वर आला. पंजा एवढासा. मी थांबले, आणि बाव्या माझ्यावर थांबला.

बाद झालो. माईकवरून सांगायला माईकही नव्हता, एक मुलगा येऊन कागद दाखवून गेला. स्टेजच्या मागे शिरोडकर बेस पेटीत घालत होता, रॉनी भिंतीकडे तोंड करून उभा. बाव्या पाय धरून जमिनीवर बसलेला, "पेडलची चेन गेली, माझी पण गेली." मेल्विन वायरी गुंडाळत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी म्हणाला, "तुझ्यामुळे गेलं. दीड वर्षं, सुमन. धृपद तीनदाच, म्हटलं होतं ना मी?" कॅसेट गेली होती, त्यांचीही आणि माझीही.

आप्पा मागे आले. टोपी हातात घेतली होती. माझ्यासमोर उभे राहिले.

"कोणी शिकवल्यान तुका?"

"तुम्हीच."

"मी? मी कदी शिकवलंय?"

"गुरुवारी."

धोंडूकाकांनी खाकरून म्हटलं, "बुवा, पट्टी काळी पाच होती हां." आप्पा म्हणाले, "कान असत माका." मग परत माझ्याकडे वळून, "वरच्या सुरार दम कमी पडता तुझो. श्वास आधी घेवक व्हयो." मी मान हलवली.

मेल्विनचं बोलणं त्यांनी येता येता ऐकलं असावं. ते त्याच्याकडे गेले. एवढा मोठा माणूस, मंडळात ज्याच्यापुढे कुणी पाय पसरून बसत नसे, तो त्या केसाळ पोरापुढे उभा राहिला.

"पोरा, ह्या पोरीक बोलू नको. चूक तेची नाय. ता माझ्या हाताची वाट बघी होता. आमच्याकडे तशीच रीत असा."

"मग काका, तुम्हाला कळलं नाही का?" मेल्विनचा आवाज रडवेला झाला होता. "तुम्ही करायचा ना हात वर!"

"कळला होता. पयल्याच खेपेक कळला."

"मग?"

आप्पांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

"हात वर केलो असतो," ते म्हणाले, "तर तेचा गाणा थांबला असता मा?"